सिमरौठ्याचे नळ

रिटायर झाल्यावर माणूस घरी बसतो, असं मला कुणी सांगितलं होतं कोण जाणे! आमचे हे रेल्वेतून रिटायर झाले आणि त्यानंतर घरी म्हणून टेकले नाहीत. नोकरीत होते तेव्हा निदान रविवारी तरी दिसायचे.

झाशीत त्यांना सगळे गायधनी बाबू म्हणत. पूर्ण नाव जगन्नाथ दामोदर गायधनी, मूळचे सिन्नरचे. रेल्वेच्या इंजिनिअरिंग ऑफिसात ते अंदाजपत्रकं करायचे. एखाद्या स्टेशनावर पाण्याची टाकी बांधायची म्हटलं, की दगड किती, चुना किती, मजूर किती, काम पुरं व्हायला महिने किती, हे सगळं आधी कागदावर उतरवायचं आणि मग साहेबाकडून मंजूर करून घ्यायचं, हे त्यांचं काम. सबंध नोकरी त्यात गेली. घरी पाहुणे यायचे म्हटलं तरी हा माणूस मला कणकेचा अंदाज काढून द्यायचा. आणि तो चुकायचा हं! पाहुणे उपाशी उठले नाहीत ते माझ्यामुळे.

मी नाशिकची. लग्न होऊन झाशीला आले तेव्हा फलाटावर पाय ठेवल्या ठेवल्या मला रडू कोसळलं. एवढं मोठं स्टेशन, एवढी माणसं, आणि एकाच्याही तोंडी मराठी नाही. पुढे रेल्वे कॉलनीत आमच्यासारखी बरीच घरं निघाली, कुणी भुसावळचं, कुणी मनमाडचं. संध्याकाळी वर्कशॉपचा भोंगा झाला, की बायका आपापल्या दारात येऊन उभ्या राहायच्या, सायकली ढकलत पुरुष यायचे, आणि कुणाच्या तरी चुलीवरून लसणीच्या फोडणीचा वास सुटलेला असायचा. उन्हाळ्यात आम्ही अंगणात खाटा टाकून बोलत बसायचो. मधेच मेल धडधडत गेली, की बोलणं तिथेच थांबवायचं आणि ती गेल्यावर त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचं. काय दिवस होते ते! आता भोंगा ऐकला, की मी उगीचच दारात येऊन उभी राहते. तेव्हा मात्र मी रोज कुरकुरत असे, की कधी एकदा हे रिटायर होतात आणि कधी मी नाशकाला जाते.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. बडा बाजाराच्या मागच्या गल्लीत राधाबाईंच्या घरी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. राधाबाईंचे पूर्वज पेशवाईत फौजेबरोबर इकडे आलेले. इतक्या पिढ्या झाल्या तरी बाई स्वयंपाकघराला मुदपाकखाना म्हणायची, आणि त्याच दमात हिंदी. "इंदुमतीजी, मुदपाकखान्यात चूहा शिरला हो, जरा भैयाला आवाज देना!" मला आधी हसू यायचं, मग सवय झाली, आणि मग माझ्याही तोंडी तेच बसलं. पण या खोल्या तात्पुरत्या, असं मी पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं. ट्रंकाही सगळ्या सोडल्या नव्हत्या.

आणि तेवढ्यात हे ग्रांटचं खूळ निघालं.

स्वातंत्र्यानंतरची ती वर्षं. सरकार छोट्या छोट्या कसब्यांना पैसे द्यायला निघालं होतं. विहिरीला, शाळेला, गटारांना, नळांना. पण मागितले आणि मिळाले असं थोडंच असतं? आधी योजना आखायची, खर्चाचा अंदाज जोडायचा, गावानं आपला वाटा उचलायचा, पैशानं नाही तर अंगमेहनतीनं. मग ते झाशीच्या सिविल लाइंसमधल्या सरकारी ऑफिसात जाणार, तिथून लखनौला जाणार. कसब्याच्या कमिटीत असायचं कोण? एखादा कापडवाला, एखादा वैद्य, एखादे मास्तर. त्यांचे कागद लखनौहून परत यायचे, पुन्हा जायचे, पुन्हा परत यायचे. अशातच समथरकडच्या कुणा मास्तरांशी ह्यांची पॅसेंजरमध्ये गाठ पडली. ह्यांनी गाडीतल्या गाडीत त्यांचा अर्ज नीट करून दिला आणि तो मंजूर झाला. झालं! आमच्या दारात चपलांचे ढीग पडायला लागले.

पैसा एक घेत नसत. कुणी गुळाची भेली आणून दिली, कुणी तुपाचा डबा, तेवढंच. मी म्हणायची, "ह्या लष्कराच्या भाकऱ्या किती दिवस भाजणार आहात?" ते म्हणायचे, "अगं, हा शेवटचा." शेवटचा शेवटचा करत किती कसबे झाले!

त्यांची एक पद्धत होती, तिची आठवण झाली की अजून हसू येतं. अर्ज लिहून झाला, की ते चेअरमनला समोर बसवून सगळी योजना तोंडी म्हणून घ्यायचे. "साहेबानं विचारलं तर काय मला बोलवायला येणार आहात? योजना तुमची आहे, तुम्हाला सांगता आली पाहिजे." मग ते भल्या थोरल्या मिशांचे चेअरमन आमच्या बाहेरच्या खोलीत मांडी घालून, डोळे मिटून, पहिलीतल्या पोरासारखे म्हणायचे, "पाइप इत्ता, सीमेंट इत्ता, जनता का हिस्सा इत्ता." चुकले की हे म्हणायचे, "फिर से." मी आत पदर तोंडात धरून हसत असे. पण खोटं कशाला बोलू, असा नवरा असल्याचा मला अभिमानही वाटायचा.

दिवाळीत माझा भाऊ जनार्दन आला. नाशकात त्याचं घर होतं, गोदावरीपासून हाकेच्या अंतरावर. मागच्या अंगाच्या दोन खोल्या त्यानं माझ्यासाठी राखून ठेवल्या होत्या. आमच्याजवळ होतं नव्हतं ते विद्याच्या, म्हणजे आमच्या एकुलत्या एका लेकीच्या लग्नात गेलेलं. दुसरीकडे घर घेण्याची ऐपत नव्हती. नाशकाला आमचं काही असेल तर त्या दोन खोल्या. विद्या भुसावळला दिलेली, तिला दिवस गेलेले. नाशकाहून भुसावळ म्हणजे सकाळी निघालं की दुपारी लेकीच्या घरी.

जनार्दन चांगला होता, पण त्यालाही मुलंबाळं होती. तो ह्यांच्या समोरच म्हणाला, "अक्का, गुढीपाडव्यापर्यंत वाट बघतो. त्याच्यापुढे मला परवडत नाही. मास्तर लोक भाड्यानं मागायला येतात रोज. एकदा भाडेकरू आत गेला की तो काही उठायचा नाही, तुला माहीत आहे."

हे म्हणाले, "पाडव्याला नाशकात गुढी. शब्द दिला. हातात एक सिमरौठा तेवढं आहे, ते मार्चअखेर संपतं."

मी त्या दिवशी बासुंदी केली.

सिमरौठा हा समथरच्या रस्त्यावरचा कसबा. झाशीहून पॅसेंजरनं मोंठला उतरायचं आणि पुढे घोड्याचा इक्का. तिथे गोड्या पाण्याची एकच बावडी, तीही गावाबाहेर शेतांपलीकडे. बायका दोन दोन घडे डोक्यावर घेऊन तेवढं चालत. ह्यांनी योजना आखली, की बावडीवर इंजिन बसवायचं, गावात पाइप आणायचा, सहा नळ बसवायचे. पहिल्या हप्त्यात एवढं. मार्चमध्ये साहेब येऊन बघणार, नळ लोकांच्या उपयोगाचे झालेत अशी त्याची खात्री पटली तर दुसरा हप्ता, त्यातून उंच टाकी आणि बाकीच्या वस्त्यांना नळ. पटली नाही तर मार्चअखेर उरलेला पैसा परत, आणि पुढचं काही नाही. लोकांनी आपल्या हातांनी चर खणले होते, गरीब घरच्या बायकांनी मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या. ते सगळं त्या साहेबाच्या एका भेटीवर लटकलेलं.

संक्रांतीच्या सुमाराला नळ सुरू झाले. हार घातले, नारळ फोडले, बत्तासे वाटले. हे घरी आले ते असे खुशीत, की मला वाटलं आता गुढीची काठीसुद्धा हेच घेऊन येतात. आणि पुढच्या खेपेला गेले ते तोंड पाडून परत आले.

"काय झालं?"

"बायका नळावर येतच नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे येत नाहीत! सकाळ-संध्याकाळ इंजिन चालतं, नळ सोडतात, पाणी वाहून गटारात जातं, आणि बायका घडे घेऊन तशाच बावडीवर जातात. नाल्यापलीकडच्या वस्तीतला एक नळ तेवढा चालू आहे. बाकीचे पाचही नुसते उभे."

कमिटीतले लोक म्हणत होते, औरतें नासमझ हैं, पाइपाचं पाणी त्यांना अशुद्ध वाटतं. ह्यांनाही ते पटलं. जेवताना एकाएकी घास हातात धरून म्हणाले, "तू चल. रथसप्तमीच्या आत तिथे एक हळदीकुंकू कर. सगळ्या बायका जमतील, त्यांना समजावून सांग, की नळाचं पाणी तेच, बावडीचंच. माझं नाही ऐकणार, तुझं ऐकतील."

मी म्हटलं, "वा! आता मला पण कामाला जुंपा." पण गेले. माझाही स्वार्थ होता. ते नळ वाहते झाल्याशिवाय माझी ट्रंक हलणार नव्हती. राधाबाईंनी तिळाचे लाडू वळून दिले, वर आपल्याकडचा चांदीचा करंडा दिला. "खाली हात नको जाऊ, लोग क्या कहेंगे!"

चेअरमनच्या घरी आतल्या अंगणात बायका जमल्या. सगळ्यांच्या नाकापर्यंत घुंघट. चेअरमनची म्हातारी आई तेवढी उघड्या तोंडानं खाटेवर बसलेली. मी हळदीकुंकू लावायला लागले तर एकेकीचा घुंघट उचलूनच लावावं लागत होतं. एकीच्या कपाळाला हात लावला तर ती आत खुदकन हसली. ती चेअरमनची सून, दुर्गा. माझ्याकडे टक लावून बघत होती. माझं नऊवारी लुगडं, खांद्यावरून पदर, डोकं उघडं. शेवटी तिनं विचारलंच, "जिज्जी, आपके इतै मूँड़ नईं ढाँकत का? ससुर-जेठ के सामने भी?"

मी म्हटलं, आमच्यात नाही तसं. सासऱ्यांना मी वाढायची, दिरांशी बोलायची, पदर खांद्यावर असला की झालं. बायका एकमेकींना कोपरानं ढोसून हसल्या. मग मी माझं शिकवलेलं भाषण सुरू केलं. पाणी तेच आहे, शुद्ध आहे, घरापाशी आलं आहे, मग एवढं लांब का जाता?

दुर्गा खाटेवरच्या आजेसासूकडे बघत होती. म्हातारीनं मान हलवली तेव्हा ती म्हणाली, "पानी तौ अच्छो है जिज्जी. पै उतै तौ ससुर-जेठ बैठे रत, हम कैसें जाएँ?"

मी कपाळावर हात मारून घेतला. हळदीकुंकवाचा हात, सगळं कपाळ भरलं.

येताना इक्क्यातून मी ते नळ बघितले होते. एकूण एक दर्शनी रस्त्यावर, चौकात, मोठमोठ्या चबुतऱ्यांसमोर. त्या चबुतऱ्यांवर सकाळ-संध्याकाळ गावातले वडीलधारे हुक्का घेऊन बसलेले. आणि पाणी सुटायचं तेही सकाळ-संध्याकाळच! त्या म्हाताऱ्यांच्या नजरेसमोर सून घडा लावून उभी राहणार, वाकणार, भरलेला घडा उचलताना दोन्ही हात वर गेले की घुंघट कोण सांभाळणार? नाल्यापलीकडच्या वस्तीत चबुतरे नव्हते, पुरुष दिवस उजाडताच मजुरीला जात. म्हणून तिथला नळ चालू.

ह्यांच्या हे लक्षातच आलं नव्हतं! येणार कसं? रेल्वे कॉलनीत नळ रस्त्याच्या तोंडाशी असतो, आम्ही बायका तिथे उभ्या राहून तासतास बोलायचो, समोरून साहेब गेला तरी हलायचो नाही. ह्यांच्या आईनं, माझ्या सासूबाईंनी, जन्मात तोंड झाकलं नाही. घुंघट ह्यांनी इतकी वर्षं झाशीत रोज बघितला होता, पण तो घरात असला तर नळ कुठे बसवायचा, हे त्यांना कुठून कळणार! साखळी घेऊन सगळं गाव मोजलं, बरोबर कमिटीचे सहा पुरुष. बाईमाणसाला एका शब्दानं विचारलं नाही.

"मग कुठे पाहिजेत तुम्हाला नळ?" मी विचारलं.

अहो, मग काय! सगळ्या एकदम बोलायला लागल्या. घरांच्या मागच्या अंगाला अरुंद गैल, म्हणजे बोळ, होती, स्वयंपाकघरांची दारं तिकडे उघडत. तिथे पुरुषांचं कामच नसे. या कोपऱ्यावर, त्या निंबाखाली, मास्तरांच्या भिंतीपाशी. एकीनं तर हळदीच्या बोटानं जमिनीवर काढूनच दाखवलं. तीन नळांत सगळ्यांचं भागत होतं.

मी मागच्या इक्क्यात बसले. हे पुढे चेअरमनबरोबर दुसऱ्या इक्क्यात होते. मोंठला आलो, पॅसेंजर यायची होती. फलाटावर एका बाकावर आम्ही दोघंच बसलो. ह्यांनी हौदावरून लोटा भरून आणला, माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "काय गं, पटलं का त्यांना?"

आता सांगते तेव्हा माझ्या मनात काय होतं ते. "हो, पटलं," एवढंच म्हणायचं होतं मला. ह्यांनी विश्वास ठेवला असता. साहेब आल्यावर चेअरमननं नाल्यापलीकडच्या चार बायका आणून नळांवर उभ्या केल्या असत्या, नाहीतर केल्या नसत्या, मला काय त्याचं? मार्च संपला असता, पाडव्याला आम्ही नाशकात असतो. आणि खरं सांगितलं, की संपलं. नवी आखणी, नवी मंजुरी, पुन्हा खोदाई. पैसा परत जाऊ नये म्हणून सिविल लाइंसला रोज खेटे. मंजुरी आली तरी टाकी उभी राहीपर्यंत हा माणूस तिथून हलणार नाही, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत. जनार्दन पाडव्यापुढे एक दिवस थांबणार नव्हता. खोल्या गेल्या की नाशिक गेलं. लेकीचं पहिलं बाळंतपण, माझं गाव, माझी भाषा, भाजीवालीशी मराठीत भांडायचं सुख, सगळं त्या एका शब्दावर.

मी पाणी प्यायले. ह्यांच्याकडे बघितलं. उन्हात फिरून चेहरा रापलेला, टोपीची कड घामानं काळी झालेली, आणि डोळ्यांत अशी आशा, की मला त्यांचा रागच आला. आणि ती दुर्गा डोळ्यांपुढून हलेना. एवढंसं अंग तिचं, डोक्यावर दोन घडे.

म्हटलं, "पाण्यात काही दोष नाही. नळ चुकीच्या जागी आहेत."

मग सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ते बाकावरून उठले, पुन्हा बसले. मग म्हणाले, "चुकलंच माझं. अगदी मुळातच चुकलं." आणि खिशातून पेन्सिल काढली. "निंब कुठे म्हणालीस? मास्तरांच्या भिंतीच्या अलीकडे का पलीकडे?" तिथल्या तिथे एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर नवी आखणी सुरू.

मी वाट बघत होते, की आता विचारतील, पाडव्याचं काय? नाही विचारलं. पॅसेंजर आली, आम्ही चढलो, झाशी येईपर्यंत ते मागच्या गैलीची लांबी काढत होते. मी खिडकीकडे तोंड करून बसले. डोळे भरून येत होते, पण म्हटलं, इंजिनाचा कोळसा गेला डोळ्यांत म्हणून सांगू. त्यांनी तेही विचारलं नाही.

पुढचे दोन महिने विचारू नका. चेअरमन ऐकेनात. त्यांना नळ आपल्या चबुतऱ्यासमोरच हवा होता, चार लोकांनी बघावा म्हणून. हे सगळ्या कमिटीसमोर उभे राहून म्हणाले, "ग़लती मेरी है. मैंने जगह पूछी ही नहीं." आणि पुन्हा नवी योजना म्हणून घ्यायला बसले. चेअरमन तोंड फुगवून बसलेले. तेव्हा त्यांची म्हातारी आई काठी टेकत बाहेर चबुतऱ्यावर आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "नल देखबे खों लगवाओ तो कै पानी पीबे खों?" नळ बघायला का पाणी प्यायला, एवढ्या एका प्रश्नावर सगळं मिटलं. नळ उखडले, पाइप मागच्या गैलीत वळवला. ह्यांनी सिविल लाइंसच्या पायऱ्या झिजवल्या, बदलाची मंजुरी आणली.

साहेब आला तेव्हा मीही गेले होते. मागच्या गैलीत इतकी गर्दी, इतका कलकलाट, की साहेबाला नळापर्यंत पोचताच येईना. बायकांनी त्याला बघून घुंघट ओढले आणि घडे मात्र जागचे हलवले नाहीत. तो लांबूनच बघून, हसत परत फिरला. दुसरा हप्ता मंजूर झाला. दुर्गानं माझे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो खरा होता, उगीच कशाला नाही म्हणू.

पाडव्याला आम्ही राधाबाईंच्या गच्चीवर गुढी उभारली. नाशकाच्या खोल्यांत एक शाळामास्तर राहायला आले.

विद्याच्या बाळंतपणाला मी भुसावळला गेले, येताना नाशकाला दोन दिवस उतरले. त्या खोल्यांच्या दोरीवर मास्तरीणबाईंची लुगडी वाळत होती. आत ऊन कसं छान येत होतं! मागे पारिजातक होता. मी पायरीवर बसून पोटभर रडले आणि झाशीला परत आले. ह्यांनी विचारलं, कशा होत्या खोल्या? म्हटलं, "शी! दमट होत्या. भिंतींना ओल. बरं झालं नाही गेलो ते." ते "अस्सं" म्हणाले. त्यांना वाईट वाटू नये, एवढाच माझा हेतू.

त्यानंतर किती कसबे आले आणि गेले. टाक्या, शाळा, एक दवाखाना. प्रत्येक ठिकाणी आता आधी माझं हळदीकुंकू, मग ह्यांची साखळी. कमिटीचे लोक नळाबद्दल विचारायला आले, की हेच सांगायचे, "पहले बाईजी से मिलिए." वाफेची इंजिनं कमी कमी होत गेली, कॉलनीतली आमची माणसं एकेक करून पुण्याला, नागपूरला निघून गेली. आम्ही तिथेच, राधाबाईंकडे.

मग हे आजारी पडले. छातीचं दुखणं, डॉक्टरांनी आशा सोडलेली. एके दुपारी मी औषध पाजायला चमचा भरला, तर ते म्हणाले, "इंदू, नाशकाच्या खोल्या दमट नव्हत्या."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"जनार्दनाला मी तेव्हाच विचारलं होतं. ऊन येतं म्हणाला. आणि मोंठच्या फलाटावर तू काय सोडलंस, तेही मला कळलं होतं. त्याच वेळी कळलं होतं."

असा संताप झाला मला! चमचा परत बाटलीत ओतला. म्हटलं, "कळलं होतं? आणि एका शब्दानं विचारलं नाहीत? मी खिडकीत तोंड खुपसून रडत होते, आणि तुम्ही गैलीची लांबी काढत होता?"

"लांबी येतच नव्हती. सगळे आकडे चुकत होते," ते म्हणाले. त्यांना दम लागत होता, तरी बोलत होते. "भीती वाटली गं. विचारलं असतं, आणि तू म्हणाली असतीस, तरीही जाऊ या, तर मला जावं लागलं असतं. शब्द दिला होता. आणि मला जायचं नव्हतं. नाशकात मला कोण ओळखतं? इथे माणसं दारात येऊन बसतात. माझा स्वार्थ होता तो. तू काही बोलली नाहीस, मी पण नाही बोललो."

मरणाच्या दारातल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? आणि मला तर मनसोक्त भांडायचं होतं. इतकी वर्षं मी समजत होते, की माझं सोडणं ह्यांना दिसलंच नाही. दिसलं होतं. त्या सगळ्या वर्षांत ते रोज दिसत होतं त्यांना.

ते डोळे मिटून पडले होते. मग हळूच म्हणाले, "आता विचारतो. नाशकाला जायचं का, इंदू?"

बाहेर कुठल्यातरी कसब्याची माणसं येऊन बसली होती, राधाबाई त्यांना सांगत होती, की बाबूजींची तबियत बरी नाही, कल आना. मी म्हटलं, "नाही जायचं."

त्यांना बरं वाटावं म्हणून नव्हतं म्हटलं. खरंच नव्हतं जायचं. कधीपासून नव्हतं, ते माझं मलाच सांगता येईना, आणि त्याचंच मला रडू आलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मी डोळे पुसले, चमचा पुन्हा भरला आणि म्हटलं, "उघडा तोंड."